हेलिकॉप्टर आधी वहीत उडतं



समजा, तुम्ही हेलिकॉप्टर चालवायला शिकायचं ठरवलंत. उड्डाणशाळेत नाव घातलंत. पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय देतील, सांगा पाहू? हेल्मेट? काळा गॉगल? हेलिकॉप्टरची किल्ली?

छे! एक वही, एक पेन्सिल, कॅल्क्युलेटर आणि उशाला घेऊन झोपता येईल एवढं जाडजूड पुस्तक.

चेहरे पडले ना? ‘इथेही शाळा आहेच का!’ हो, आहेच. हिचं नावच मुळी ‘ग्राउंड स्कूल’, म्हणजे जमिनीवरची शाळा. हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिशाशोधन, यंत्राची माहिती, वजनाचे हिशेब, उड्डाणाची तत्त्वं, रेडिओवर बोलण्याची पद्धत, माणसाच्या शरीराच्या मर्यादा आणि रोजच्या कामाचे नियम. मोजलेत? नऊ विषय झाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं खासगी वैमानिकासाठी ठरवून दिलेले विषय हेच. दहावीला इतके विषय असते, तर तुम्ही मोर्चाच काढला असता!

पण मला आज तुम्हाला विषयांची यादी सांगायची नाही. हेलिकॉप्टरच्या बाबतीत ही जमिनीवरची शाळा इतकी महत्त्वाची का, ते सांगायचंय. सायकल आपण पुस्तक वाचून शिकत नाही. पोहणंही नाही. पडतो, नाकात पाणी जातं, आणि हळूहळू हात-पाय स्वतःच शिकतात. मग हेलिकॉप्टर तसंच का शिकू नये?

कारण हेलिकॉप्टरमध्ये काही प्रसंग असे येतात, की हात-पाय आपोआप जे करायला जातात तेच नेमकं चूक असतं. आणि ती चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. जगभर कितीतरी विद्यार्थी ज्या छोट्या हेलिकॉप्टरवर शिकतात, ते आहे रॉबिन्सन आर-२२. माणसं बसणार दोनच, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. फ्रँक रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं ते तयार केलं. १९७५ साली ते पहिल्यांदा उडालं. डाव्या हाताला जमिनीलगत एक दांडा असतो, त्याला ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. तो वर ओढला, की डोक्यावरच्या दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर चढतं. त्याच्या टोकाला मोटारसायकलसारखी फिरवायची मूठ, ती इंजिनासाठी. उजव्या हातात ‘सायक्लिक’. तो ज्या बाजूला कलवाल, त्या बाजूला हेलिकॉप्टर निघालं. आणि पायांखाली दोन पेडलं, शेपटीवरचा छोटा पंखा सांभाळायला. म्हणजे दोन हात आणि दोन पाय, चौघंही एकाच वेळी कामाला!

आता पेन्सिल घ्या. आर-२२ चा मोठा पंखा मिनिटाला ५३० फेऱ्या मारतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ. त्याचा व्यास आहे सुमारे ७.६७ मीटर. पात्याच्या टोकाचा वेग काढा बरं! परीघ साधारण २४ मीटर, गुणिले सेकंदाच्या फेऱ्या. उत्तर सेकंदाला २१३ मीटर, म्हणजे ताशी ७६० किलोमीटरच्याही वर. प्रवासी जेट विमानाच्या वेगाशी बरोबरी करणारं हे टोक तुमच्या डोक्यापासून हातभर वर गरगरत असतं.

पुढे गंमत आहे. हेलिकॉप्टर ताशी १५० किलोमीटरनं पुढे चाललंय. जे पातं पुढच्या बाजूला येतंय, त्याला हवा भेटते ७६० अधिक १५० वेगानं. जे मागे जातंय, त्याला ७६० उणे १५०. म्हणजे एका बाजूला ९१० आणि दुसऱ्या बाजूला ६१०! जास्त वेगाच्या बाजूला जास्त उचल. मग हेलिकॉप्टर कलंडत कसं नाही?

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा या तरुण इंजिनिअरची यंत्रं खरोखरच कलंडत. मोठ्या पंख्याचं उडतं यंत्र बनवायचा त्याचा खटाटोप चालला होता. छोटं मॉडेल छान उडायचं, मोठं यंत्र मात्र एका कुशीवर पडायचं. विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की मॉडेलची पाती वेताची होती आणि ती लवत होती. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. मग त्यानं मोठ्या पात्यांना बिजागऱ्या बसवल्या. वेगाच्या बाजूचं पातं आपोआप थोडं वर उचललं जाऊ लागलं, दुसऱ्या बाजूचं खाली येऊ लागलं, आणि दोन्हींकडची उचल सारखी झाली. जानेवारी १९२३ मध्ये त्याचा ‘ऑटोजायरो’ माद्रिदजवळ सरळ उडाला. ही बिजागऱ्यांची गोष्ट ग्राउंड स्कूलच्या पहिल्या काही धड्यांतच येते. ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा धोका तिथेच दडलाय.

आर-२२ च्या दोन पात्यांची जोडी मधल्या दांड्यावर बागेतल्या सी-सॉसारखी टेकलेली असते. एक वर, की दुसरं खाली. आणि हेलिकॉप्टरचं धड? ते या पंख्याला आकाशकंदिलासारखं लटकलेलं असतं. कंदील दोरीला नीट लटकतो कशामुळे? वजनामुळे. वजन आहे तोवर दोरी ताणलेली. वजन नाहीसं झालं तर?

जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसला असाल, तर वजन नाहीसं होणं म्हणजे काय, ते तुमच्या पोटाला माहीत आहे. पाळणा वरून खाली यायला लागला, की पोटात गोळा येतो, क्षणभर तरंगल्यासारखं वाटतं. हेलिकॉप्टर वर चढत असताना वैमानिकानं सायक्लिक झटकन पुढे ढकलला, की अगदी हेच होतं. समोर एकदम पक्षी आला आणि घाबरून दांडा पुढे गेला, असंही घडू शकतं. त्या क्षणी मोठ्या पंख्यावरचा ताण जातो, पण शेपटीचा छोटा पंखा आपला बाजूला रेटतच असतो. त्यामुळे हेलिकॉप्टर उजवीकडे कलायला लागतं.

अशा वेळी तुम्ही काय कराल? उजवीकडे कलतंय ना, मग दांडा डावीकडे! लहान मूलही हेच करील. सायकलवर रोज आपण हेच तर करतो.

आणि इथेच घात होतो. धड लटकलेलंच नाही, त्यामुळे दांडा डावीकडे नेला की पंखा डावीकडे कलतो, पण धड त्याच्यामागे जात नाही. पंख्याचा मधला भाग उभ्या दांड्यावर आदळतो. याला ‘मास्ट बम्पिंग’ म्हणतात. तो दांडा तुटू शकतो किंवा पातं धडालाच लागू शकतं. मग कुणालाच काही करता येत नाही.

बरोबर उत्तर काय? दांडा हळुवारपणे मागे घ्यायचा. आधी वजन परत येऊ द्यायचं, कंदिलाची दोरी ताणू द्यायची, आणि मगच कललेलं सरळ करायचं. म्हणजे हेलिकॉप्टर उजवीकडे उलटं होऊ पाहतंय, आणि तुम्ही शहाण्यासारखे दांडा मागे घेताय! हे कुणाच्या हातांना आपोआप सुचेल का? वर्गात बसून, चित्र काढून, दहादा घोकूनच ते डोक्यात बसतं.

‘मग शिक्षकाबरोबर वर जाऊन सराव करावा की!’ असं कुणीतरी म्हणेलच. नाही करता येत. आर-२२ मध्ये असा पोटात गोळा आणणारा झोका मुद्दाम द्यायला सक्त मनाई आहे. तशी सूचना हेलिकॉप्टरात समोरच चिकटवलेली असते. हा धडा फक्त जमिनीवर शिकायचा, आणि वर गेल्यावर त्याची पाळीच येणार नाही असं उडायचं.

ही मनाई उगाच आलेली नाही. रॉबिन्सनसाहेबांच्या डोक्यात आर-२२ म्हणजे एखाद्यानं कामाला जायला-यायला वापरायचं वाहन होतं. पण ते छोटं, त्यामानानं स्वस्त. म्हणून उड्डाणशाळांनी ते उचललं आणि नवशिक्यांच्या हाती दिलं. अपघात झाले, माणसं गेली. शेवटी १९९५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं खास नियमच काढला: हे धोके शिक्षकानं समजावून सांगून वैमानिकाच्या लॉगबुकात तशी सही केल्याशिवाय आर-२२ च्या दांड्याला हात लावायचा नाही. मग तो वैमानिक दुसऱ्या हेलिकॉप्टरवर हजार तास उडालेला का असेना! मला हा नियम फार आवडतो. अनुभवी माणसालाही वर्गात बसवणारे नियम जगात थोडेच असतात.

दुसरा प्रसंग इंजिन बंद पडण्याचा. हवेत इंजिन बंद पडलं, तर हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, असं मोठी माणसंही सांगतात. ते खरं नाही. माधवीलतेची फळं पाहिली आहेत? तीन पंख असलेलं ते फळ वेलावरून सुटलं, की गरगर फिरत सावकाश खाली येतं. त्याला कुठे इंजिन असतं? किंवा जत्रेतलं भिरभिरं घ्या. हवा आली की फिरतं. हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं, की खालून येणारी हवा पंख्याला तशीच फिरती ठेवते. याचं नाव ‘ऑटोरोटेशन’.

पण अट एक आहे. इंजिन थांबताच डावा हात ताबडतोब खाली गेला पाहिजे. कलेक्टिव्ह खाली म्हणजे पाती सपाट, म्हणजे हवेचा अडथळा कमी, म्हणजे पंखा फिरत राहतो. आणि हात काय म्हणतो? ‘अरे, खाली पडतोय! वर ओढ!’ वर ओढलं, की पाती तिरकी होतात, पंखा मंदावतो, आणि एकदा फारच मंदावला की परत वेग घेत नाही. आर-२२ चा पंखा हलका आहे. तो भराभर मंदावतो. विचार करायला वैमानिकाकडे जेमतेम सेकंद-दीड सेकंद असतो. तुम्ही फळ्यावरचा प्रश्नही तेवढ्या वेळात वाचून संपवत नाही!

म्हणून इथेही आकडे आधी पाठ करायचे. मिनिटाला ५१० फेऱ्या म्हणजे १०० टक्के. नेहमीचा वेग १०४ टक्के, म्हणजे आपल्या त्या ५३० फेऱ्या. ९७ टक्क्यांना भोंगा वाजतो. आणि ‘संपलं’ हा आकडा? बनवणाऱ्या कंपनीनं सोपं सूत्र दिलंय: ८० टक्के, अधिक उंचीच्या दर हजार फुटांमागे एक टक्का. चार हजार फुटांवर असाल तर ८४ टक्के, म्हणजे सुमारे ४२८ फेऱ्या. भोंगा वाजतो ४९५ ला. या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही करायचं ते करायचं. हात खाली गेला, ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग राखला, जमिनीजवळ आल्यावर नाक वर करून वेग मारला आणि अगदी शेवटी पंख्यात उरलेल्या जोरावर कलेक्टिव्ह वर घेतला, तर हेलिकॉप्टर अलगद टेकतं. या प्रसंगाचा मात्र शिक्षकाबरोबर पुन्हा पुन्हा सराव करतात.

हे किती उंचीवरून जमावं? २१ जून १९७२ रोजी फ्रान्सच्या झाँ बुले यांनी ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. एव्हरेस्टपेक्षा साडेतीन किलोमीटर वर! तिथे इंजिन बंद पडलं. बुले तिथून थेट जमिनीपर्यंत बिनइंजिनाचे, नुसत्या ऑटोरोटेशनवर उतरले, आणि सुखरूप उतरले. हे ‘लामा’ मुळात भारतीय सैन्यदलांच्या हिमालयातल्या गरजेसाठी तयार झालं होतं. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ते ‘चीता’ या नावानं बनवलं.

जाता जाता एक निरीक्षण. पुढच्या वेळी हेलिकॉप्टर उडताना दिसलं, तर नीट बघा. जागा मोकळी असेल, तर ते लिफ्टसारखं सरळ वर जात नाही. थोडं उचललं जातं, जमिनीलगत पुढे पळतं आणि मग चढतं. कारण जवळ ना वेग ना उंची अशा अवस्थेत इंजिन थांबलं, तर ऑटोरोटेशनला वावच नसतो. ग्राउंड स्कूलमध्ये याचा एक आलेखच शिकवतात: कुठल्या उंचीवर किती वेग हवा, आणि कुठे रेंगाळायचं नाही. भूमितीतले आलेख काय कामाचे, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर!

आणखी एक उलटं गणित. हेलिकॉप्टर सरळ खाली, जरा भरभर उतरवलं, की ते स्वतःच खाली फेकलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडू शकतं. हात म्हणतो, कलेक्टिव्ह वर ओढ. ओढलं की भोवरा आणखी जोरात, आणि पडणंही. करायचं काय, तर पुढे सटकून स्वच्छ हवेत जायचं. नदीच्या भोवऱ्यातून पोहणारा बाजूनं निसटतो, तसंच.

हात फसवतात, तसे कानही फसवतात. घरी फिरती खुर्ची आहे? मग हा प्रयोग करा, पण मोठं माणूस जवळ असू द्या. डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी खुर्ची एकाच संथ गतीनं फिरवत राहायला सांगा. थोड्या वेळानं वाटेल, की खुर्ची थांबली. आणि ती खरोखर थांबवली, की वाटेल आपण उलट दिशेला फिरतोय! कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या आहेत, त्यांत द्रव असतो. गती बदलली तेवढंच त्यांना कळतं.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचे डोळे असे मिटल्यासारखेच असतात. २६ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ धुक्यात आणि ढगात सापडून एक हेलिकॉप्टर कोसळलं. त्यात प्रसिद्ध बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची १३ वर्षांची मुलगी आणि आणखी सातजण गेले. वैमानिक चांगला अनुभवी होता. त्यानं रेडिओवर सांगितलं, की आपण वर चढतोय. त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. चौकशीत यंत्राचा दोष सापडला नाही. दिसत नसताना पुढे जात राहण्याचा निर्णय आणि दिशेचा भ्रम, ही कारणं निघाली. ‘हवामान’ आणि ‘माणसाच्या मर्यादा’ हे दोन विषय पोरांना कंटाळवाणे वाटतात म्हणे. ढग दिसला की परत फिरायचं, हे वाक्य त्यांच्यात कुठेतरी मधल्या पानावर असतं.

आता जरा आई-बाबांसाठी. मूल हेलिकॉप्टरचा हट्ट धरून बसलं असेल, तर लगेच घाबरू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खासगी परवान्यासाठी वय किमान १७ लागतं आणि उड्डाणाचे ४० तास (मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकल्यास ३५). त्याशिवाय वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा. आपल्याकडे हे सगळं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहतं. हवेतला प्रत्येक तास चांगलाच महाग पडतो. वर्गातला त्यामानानं स्वस्त, आणि पुस्तक वाचायला तर वयाचीही अट नाही. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं असलेल्या मुलाचे वरचे तास वाया जात नाहीत, एवढं नक्की.

परीक्षेचं म्हणाल, तर अमेरिकेत खासगी वैमानिकाची लेखी परीक्षा ६० प्रश्नांची असते. ७० टक्क्यांना पास, म्हणजे ४२ बरोबर हवेत. ‘सोपं आहे की!’ म्हणू नका. उरलेले १८ सुटत नाहीत. कुठल्या भागात चुकलात, ते कागदावर येतं. तो भाग शिक्षकाकडून पुन्हा शिकून त्याची सही आणल्याशिवाय पुढची परीक्षा नाही. आपल्या शाळेत चुकलेलं गणित कुणी परत विचारतं का, हे मी तुमच्यावरच सोडतो.

वजनाचा हिशेबही गमतीचा असतो. आर-२२ चं उडतानाचं सगळं मिळून वजन ६२२ किलोपर्यंत चालतं. रिकामं यंत्र सुमारे ४०० किलो, मुख्य टाकीभर पेट्रोल साधारण ५० किलो. उरले १७० च्या आसपास. शिक्षक ८० किलोचे असतील, तर तुम्ही आणि तुमचं दप्तर मिळून ९०! दिवाळीनंतर लगेच नाव घालू नये, हे बरं.

आणि आता गृहपाठ. गरम हवा विरळ असते, उंचावरची हवाही विरळ असते. विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते. म्हणून वैमानिक उडण्याआधी काढतो, की आज हेलिकॉप्टरला आपण किती उंचीवर आहोत असं ‘वाटणार’ आहे. रीत अशी: समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश. दर हजार मीटरला त्यातून साडेसहा अंश वजा करा. हे झालं तुमच्या गावाचं प्रमाण तापमान. आजचं तापमान त्याहून जितके अंश जास्त, त्या प्रत्येक अंशाला सुमारे ३६ मीटर धरा आणि गावाच्या उंचीत मिळवा.

पुण्याचं करून दाखवतो. उंची ५६० मीटर, म्हणून प्रमाण तापमान साधारण साडेअकरा अंश. मे महिन्यातली दुपार, ४० अंश. फरक साडेअठ्ठावीस. गुणिले ३६, सुमारे १०२५. त्यात ५६० मिळवले, की झाले जवळपास १६०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर आहे १६४६ मीटर! म्हणजे पुण्यात जमिनीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर त्या दुपारी जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभं असल्यासारखं धापा टाकतं.

आता तुम्ही नागपूरचं करा. उंची ३१० मीटर, तापमान ४५ अंश. उत्तर महाबळेश्वरच्या वर गेलं, तर तुमचं बरोबर. ते जमलं, की भूगोलाच्या पुस्तकातून आपल्या गावाची उंची शोधा आणि उद्याच्या पेपरात तापमान बघा.